निवड की नेमणूक?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. पालक-सदस्य निवडण्याचा अधिकार पालकसभेचा आहे. परंतु डहाणू-तलासरीतील अनेक वारली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मागे राहिलेल्यांना दिवसाची मजुरी बुडवणे परवडत नाही. अशा वेळी भरवलेल्या सभेत गावातील वजनदार मंडळी ‘बिनविरोध’ ठरली, तर ती निवड नव्हे, नेमणूकच होय!

शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे हे समितीचे काम. ज्याचे मूल भट्टीवर जाऊन शाळेला मुकते, तोच पालक समितीत नसेल, तर त्या मुलाची बाजू मांडणार कोण? १९४५ साली झरीच्या सभेत ज्यांनी वेठबिगारीला नकार दिला, त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचा हा प्रश्न आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा: पालकसभा लावणी आटोपल्यावर, स्थलांतरापूर्वी, सायंकाळी व्हावी, पाड्यापाड्यांवर दवंडी पिटावी, आणि जागेपेक्षा इच्छुक अधिक असतील तेथे उघड मतदान व्हावे. हक्क कायद्याने मिळतो. टिकतो मात्र तो बजावल्यानेच.