शिवाजीनगरचा एस. टी. स्टँड स्वस्थानीं आणावा

जुन्नर-नाशिककडील शेतकऱ्यास पुण्यांत काम पडतें तें बहुधा शिवाजीनगरांत. जिल्हा न्यायालय तेथें, शेतकी महाविद्यालय तेथें, साखर संकुलही तेथेंच. हें जुनें भांबुर्डें आमच्या लोकांच्या पायाखालचें, कारण एस. टी. चा स्टँड रेल्वे स्टेशनास लागून होता. सन २०१९ च्या अखेरीस भुयारी मेट्रोच्या बांधकामाकरितां तो वाकडेवाडीस सरकारी दूध योजनेच्या आवारांत नेला. ही व्यवस्था तात्पुरती म्हणून सांगितली गेली व आम्हींही ती तशीच मानली. १ ऑगस्ट २०२३ रोजीं शिवाजीनगरचें मेट्रो स्टेशन सुरू झालें. स्टँड मात्र वाकडेवाडीसच राहिला.

आतां आगगाडी व मेट्रो एके ठिकाणीं, आणि एस. टी. दुसरीकडे. कोर्टाच्या तारखेस आलेला म्हातारा कागदांची पिशवी सांभाळीत रिक्षास पैसे मोजतो आणि परततांना तेवढेच पुन्हां मोजतो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकांत दिसत नाहीं, म्हणून तो कोणास बोंचतही नाहीं.

मूळ जागेवर दुकानें व कचेऱ्यांसह मोठी इमारत उठविण्याची योजना आहे. इमारतीस आमची हरकत नाहीं. परंतु फलाट आधीं व दुकानें मागाहून, हा क्रम करारांतच बांधून घेतला पाहिजे. स्टँडापासून रेल्वेच्या फलाटापर्यंत व मेट्रोच्या जिन्यापर्यंत छपराची वाट हवी. पावसाळ्यांत रोपांचीं खोकीं घेऊन जाणारास तिचें महत्त्व सांगावयास नको. ज्या तालुक्यांच्या गाड्या येथें येतात तेथील संघांनीं परिवहन महामंडळास व महामेट्रोस तसे ठराव पाठवावेत, आणि ठरावांत मुदतीची तारीख मागण्यास विसरूं नये.