कडू, पण कुरकुरीत!

ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझी फास्टिंग शुगर १०८ निघाली (१०० ते १२५ म्हणजे डायबिटीस नाही, पण तो जिना चढतोय!) आणि लंच टेबलवर सगळ्यांनी एकच सल्ला दिला : कारल्याचा ज्यूस. दुसऱ्या दिवशी सकाळी मी जॉगिंग ट्रॅकबाहेरच्या ज्यूसवाल्यापुढे हजर. नाक दाबून ग्लास रिकामा केला आणि लगेच जाम हेल्दी वगैरे वाटायला लागलं.

उत्साहाच्या भरात बाबांसाठीही बाटली घरी न्यायला लागलो. बाबा शुगरची गोळी घेतात. चौथ्या दिवशी गोळी झाली, ज्यूस झाला, नाश्त्याला मात्र उशीर झाला. बाबा घामाघूम, हात थरथरतायत. ग्लुकोमीटरवर ५८! आईने पटकन साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं. डॉक्टरांनी नंतर माझी जी हजेरी घेतली, ती ज्यूसपेक्षा कडू होती. कारल्यातले काही घटक साखर उतरवू शकतात. त्यात गोळीची भर पडली की ती नको तेवढी घसरू शकते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्यूसच्या वाटेला जाऊ नका. गरोदर मैत्रिणींनी तर नकोच.

आणि गंमत म्हणजे, २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात कारल्यावरच्या चार चाचण्या तपासल्या, तर डायबिटीसवर औषध म्हणून ठोस पुरावा काही मिळाला नाही.

मग कारलं खायचं कशाला? अहो, भाजी म्हणून! १०० ग्रॅममध्ये जेमतेम २० कॅलरीज, वर फायबर आणि भरपूर सी व्हिटॅमिन. आईच्या काचऱ्या तर बॅचलरलाही जमतील. कारल्याच्या पातळ चकत्या करा, जून बिया काढा. मीठ चोळून वीस मिनिटं ठेवा आणि हलक्या हाताने पिळा. (कडूपणा निम्मा इथेच जातो.) तेलात मोहरी, हिंग, हळद घालून चकत्या मंद आचेवर परता. झाकण अजिबात ठेवायचं नाही, नाहीतर लगदा होतो. मीठ आधीच लागलंय, त्यामुळे चव बघूनच घाला. कुरकुरीत झाल्या की तिखट, सुकं खोबरं आणि नखभर गूळ. गुळाची ढेप घालून ‘कारलं अजिबात कडू लागत नाही हं’ म्हणणाऱ्यांनी सरळ भोपळा आणावा!

बाबा हल्ली ज्यूसची बाटली दिसली की पेपर तोंडासमोर धरतात. काचऱ्या मात्र दोनदा मागून घेतात.