डबा नंतर, आधी नळी

शनिवार-रविवारी सुतारकाम करणाऱ्या आयटीवाल्यांची एक जमात गेल्या काही वर्षांत तयार झाली आहे. मीही त्यातलाच. पार्किंगचा कोपरा, बंद करून घेतलेली बाल्कनी, नाहीतर गावाकडच्या घराची पडवी. त्यात एक टेबल सॉ, एक राउटर, एक ऑर्बिटल सँडर आणि हल्ली हमखास एक डबा. डबा म्हणजे चार बाजूंना चार फिल्टर, वर पंखा आणि सगळं चिकटपट्टीने बांधलेलं. तो फिरायला लागला की "आपली धुळीची सोय झाली" असं म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि एमडीएफ घासायला बसतो. माझं भांडण या निर्धास्तपणाशी आहे.

डब्याशी भांडण नाही हं. डबा हुशार आहे. २०२० साली कोविडच्या काळात अमेरिकेत रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेंथाल या दोघांच्या नावाने तो प्रसिद्ध झाला. साध्या पंख्याला दाब सोसत नाही, पुढे अडथळा आला की त्याची हवा निम्म्यावर येते. म्हणून एकाऐवजी चार-पाच फिल्टर लावायचे, म्हणजे प्रत्येकातून हवा सावकाश जाते आणि पंख्याची दमछाक होत नाही. साधी गोष्ट, पण सुचायला पाहिजे ना! फक्त हा डबा कशासाठी होता? वर्गात शांत बसून श्वास घेणाऱ्या माणसांसाठी. पोरं वर्गात सँडर चालवत नव्हती.

आता थोडा हिशोब करू. सॉफ्टवेअरवाल्याला दुसरं काय येतं?

दहा बाय दहाची खोली, नऊ फूट उंच. म्हणजे साधारण २५ घनमीटर हवा. समजा सँडरने दहा मिनिटांत फक्त एक ग्रॅम धूळ हवेत उडवली. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर हळद. ती खोलीभर पसरली तर दर घनमीटरला ४० मिलिग्रॅम. ब्रिटनमध्ये कठीण लाकडाच्या धुळीची कामाच्या जागची मर्यादा, आठ तासांची सरासरी, २०२० पासून ३ मिलिग्रॅम आहे. आधी ती ५ होती.

बरं, डबा लावला. आपल्याकडे ते वीस बाय वीसचे फिल्टर नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून आपण एक्झॉस्ट फॅनला प्युरिफायरचा एक फिल्टर बांधतो. तो ताशी २५० घनमीटर हवा गाळतो असं धरू. घासणं चालूच आहे, म्हणजे तासाला सहा ग्रॅम धूळ येते आहे. सहा ग्रॅमला २५० ने भागा. २४ मिलिग्रॅम! मर्यादेच्या आठ पट, आणि तेही डबा चालू असताना. अस्सल अमेरिकन डबा आणा, कोऱ्या फिल्टरांचा, ताशी हजार घनमीटर देणारा. तरी ६. आणि या हिशोबात धूळ खोलीभर सारखी पसरली असं धरलंय. प्रत्यक्षात आपलं नाक सँडरपासून दीड-दोन फुटांवर असतं आणि डबा कोपऱ्यात.

"पण माझ्या सेन्सरवर तर आकडा हिरवा दिसतो!" हे मला दोघातिघांनी ऐकवलंय, ग्राफसकट. सेन्सर कुठे ठेवला होता? डब्याशेजारी. शिवाय हे स्वस्त लेसर सेन्सर बाहेरच्या प्रदूषणासाठी बनवलेले. हजार मायक्रोग्रॅमच्या पुढे त्यांच्यावर भरवसा नाही, आणि आपण वर २४ मिलिग्रॅम, म्हणजे २४,००० मायक्रोग्रॅमबद्दल बोलत होतो. जाड कण तर त्यांना नीट दिसतही नाहीत. प्रॉडक्शन पेटलेलं असताना डॅशबोर्ड हिरवागार, हा प्रकार आमच्या धंद्यात रोजचाच.

आणि सगळ्यांचा लाडका युक्तिवाद: "आमच्या आजोबांनी जन्मभर सुतारकी केली, काही झालं नाही." आजोबांकडे एमडीएफ होतं का? २०,००० फेऱ्यांनी फिरणारा राउटर होता का? आजोबा अंगणात बसून रंधा मारायचे. रंध्यातून ढलप्या निघतात आणि त्या पायाशी पडतात. फुफ्फुसात जाते ती घासलेली पिठी. पाण्याएवढ्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण छातीच्या उंचीवरून खाली पडायला सातआठ मिनिटं घेतो, एक मायक्रॉनचा कण अर्धा दिवस. म्हणजे आपण झाडू मारून, हात धुऊन, जेवून, वामकुक्षी काढून परत आलो तरी तो तिथेच तरंगत असतो. रुमाल बांधून तो अडत नाही. जो भुसा दिसतो, ज्याच्या नावाने बायको ओरडते, तो त्या मानाने गरीब बिचारा.

काही झालं नाही म्हणता, तर इंग्लंडमधलं हाय विकम ऐका. खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकातला एक अगदी दुर्मिळ कर्करोग फार जास्त दिसतो, हे एस्मे हॅडफिल्ड या कान-नाक-घशाच्या सर्जन बाईंच्या लक्षात आलं. १९६८ साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९५ मध्ये पहिल्या गटात नोंदवलं. तंबाखूही त्याच गटात आहे. (गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका तेवढाच असं नाही. उगाच घाबरवायचं नाहीये.) आपण आठवड्याला चार तास काम करणारे, आपला धोका त्या कामगारांपेक्षा कितीतरी कमी. पण दमा आणि ॲलर्जी हौशी-धंदेवाईक असा भेद करत नाहीत.

मग करायचं काय? स्वयंपाकघरात बघा. फोडणीचा धूर घालवायला आपण हॉलमध्ये फिल्टर टांगतो का? चिमणी शेगडीच्या डोक्यावर बसवतो. सँडरचंही तेच. त्याच्या बुडाला भोकं असतात आणि मागे नळी जोडायला तोंड असतं. तिथे ती कापडी पिशवी लावू नका, बारीक धूळ तिच्यातून आरपार जाते. व्हॅक्यूमची नळी लावा. व्हॅक्यूमला हेपा फिल्टर हवाच, नाहीतर पुढून ओढलेली पिठी तो मागून फुंकतो. नळीने शंभरातली ९५ धूळ धरली तर वरचा हिशोब परत मांडा: तासाला ०.३ ग्रॅम, भागिले तोच गरीब २५० वाला डबा. १.२ मिलिग्रॅम. हजारवाला अमेरिकन डबा जे करू शकला नाही ते एका नळीने केलं. त्यावर एन ९५ मास्क घातला (दाढी असेल तर तो चेहऱ्याला नीट बसत नाही, ज्याचं त्याने ठरवावं) की ते साधारण दहाव्या हिश्शावर येतं. मशीन बंद केल्यावर उरलेली धूळ गोळा करायला डबा. त्याची जागा तीच.

फिल्टर सारखा चोंदू नये म्हणून मधे सायक्लोन लावायचा. कोकणातल्या भातगिरणीवर पत्र्याचं मोठं नरसाळं पाहिलंय? हवा त्यात गोल फिरते, जड माल कडेला लागून खाली पडतो, हलकी हवा वरून निघून जाते. रंगाची वीस लिटरची बादली आणि झाकणावर एक छोटा प्लास्टिकचा कोन, झालं. फक्त ग्राइंडरच्या ठिणग्या या बादलीत ओढू नका. भुशाची शेगडी पाहिलेल्याला कारण सांगायला नको.

टेबल सॉचं दुखणं वेगळं. त्याला व्हॅक्यूमची बारकी नळी पुरत नाही, चार इंची पाइप आणि मोठा ब्लोअर लागतो. तो बाल्कनीत मावत नसेल तर सॉ उघड्यावर न्या. तेही जमत नसेल तर माझं मत स्पष्ट आहे, तो सॉ बाल्कनीत चालवू नका.

आता खरी चीड आणणारी गोष्ट. आपण हौशी मंडळी निदान डब्यावर चर्चा तरी करतो. आपल्याच फ्लॅटचं इंटिरियर चालू असतं तेव्हा सुतार हॉलमध्ये हातकटरने प्लाय कापत असतात. शेजारी तक्रार करतात म्हणून खिडक्या बंद. तोंडाला गमछा. आणि पुष्कळ ठिकाणी रात्री तीच पोरं त्याच खोलीत, त्याच धुळीत झोपतात, दोनदोन महिने. आपण राहायला जाताना मात्र बेडरूममध्ये आधी प्युरिफायर बसवतो. कोटेशनमध्ये बिजागऱ्यांची कंपनी कोणती यावर तासभर घासाघीस होते. नळीवाला व्हॅक्यूम आणि मास्कची पेटी ही ओळ मी आजवर पाहिलेल्या एकाही कोटेशनमध्ये नव्हती. ती घालायला लावा. कंत्राटदार म्हणेल, "साहेब, यांना सवय आहे." त्याला म्हणावं, मग तू झोप इथे आज रात्री.