शटरवरचे थर

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल रिचार्जचं एक दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरलं, एवढंच. दिवाळीच्या तोंडावर त्या दुकानदाराने शटर रंगवायला काढलं. रंगारी पट्टीने जुना रंग खरवडत बसला होता आणि मी दुधाची पिशवी हातात घेऊन पाहत उभी राहिले. आधी लाल पापुद्रे गळून पडले. त्याखाली गुलाबी निघाला, आणि गुलाबीच्या खाली नारिंगी. त्याच्याही खाली रेडॉक्साइड आणि मग पत्रा.

जाणाऱ्या-येणाऱ्याला तो कचरा दिसला असेल. मला मात्र तिथे मुंबईतल्या मोबाइल धंद्याचा सगळा इतिहास एका सुपात गोळा झालेला दिसला. नव्वदच्या दशकात इथे ‘मॅक्स टच’ नावाची सेवा होती. २००० साली ती ‘ऑरेंज’ झाली. २००५ मध्ये ‘हच’ झाली आणि गुलाबी रंग आला. २००७ च्या सप्टेंबरात ‘व्होडाफोन’ झाली. त्या जाहिरातीतला पग गुलाबी खोपटातून बाहेर पडतो, फिरून येतो, तर खोपटं लाल झालेलं, हे बहुतेकांना आठवत असेल. पुढे २०१८ मध्ये आयडिया आणि ती एकत्र झाल्या आणि २०२० साली ‘व्ही’ हे नाव आलं. व्होडाफोनचा लाल आणि आयडियाचा पिवळा, दोघांचाही मान राखला गेला. लग्नात दोन्ही घरच्या आहेरांची यादी वाचतात, तसं. एवढ्या सगळ्या काळात माझा नंबर एकच.

रंग इतक्यांदा का बदलला? ‘ऑरेंज’ हे नाव ‘हच’च्या मूळ कंपनीने, म्हणजे हचिसनने, १९९४ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आणलं, पुढे ते विकलं आणि हातोहात फिरत २००० साली ते फ्रान्स टेलिकॉमकडे गेलं. म्हणजे मुंबईतला नारिंगी रंग उसना होता. गुलाबी गेला, कारण हचिसनने इथला हिस्साच व्होडाफोनला विकला. शेअर ज्याच्या हाती गेले त्याचा रंग शटरवर चढला. गिऱ्हाइकाच्या मनात काही हललं होतं म्हणून नव्हे. तरीही प्रत्येक वेळी वर्तमानपत्रात ‘हा रंग तरुणाईचा’, ‘हा रंग ऊर्जेचा’ असं छापून आलंच. नारिंगी ऊर्जेचा, गुलाबी उत्साहाचा, लालही ऊर्जेचाच. एकाच नंबरमध्ये किती ऊर्जा भरायची!

‘रंगांचं मानसशास्त्र’ या नावाखाली विकला जाणारा माल बराचसा असाच असतो. निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे समृद्धी, लाल म्हणजे भूक, पिवळा म्हणजे आनंद. हा तक्ता तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल. काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या नव्या बोधचिन्हाच्या सादरीकरणाला मी हजर होते. एजन्सीच्या मुलाने पडद्यावर तो तक्ता लावला आणि निळ्यावर बोट ठेवून विश्वासाबद्दल पाच मिनिटं बोलला. संचालकांतले एक द्राक्षबागायतदार शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “समोरची पतसंस्था बुडाली ना, तिचा बोर्डपण निळाच होता की वो.” सभागृह हसलं. मुलगा गोरामोरा झाला आणि चहा आला. बोधचिन्ह निळंच मंजूर झालं, ही गोष्ट वेगळी.

फेसबुकच्या निळ्यावर तर केवढे लेख लिहिले गेले. खुद्द मार्क झुकेरबर्गने २०१० साली एका मुलाखतीत सांगितलं की त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही आणि निळा हा त्याला सगळ्यात छान दिसणारा रंग आहे. त्यात मानसशास्त्र असलंच तर दुकान मांडणाऱ्याचं, गिऱ्हाइकाचं नव्हे.

सगळंच थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ब्रिटनमधले बॉटमली आणि डॉइल या दोन संशोधकांनी २००६ मध्ये हा प्रश्न जरा शहाणपणाने विचारला. कुठला रंग चांगला, हे विचारण्यापेक्षा कुठल्या मालाला कुठला रंग शोभतो, हे त्यांनी तपासलं. कामाच्या वस्तूंच्या बोधचिन्हाला निळा आणि मौजेच्या वस्तूंना लाल लोकांना जास्त साजेसा वाटतो, असं त्यांना आढळलं. शोभणं हा शब्द इथे महत्त्वाचा. नऊवारीला नथ शोभते म्हणून नथीत काही गुण आहे असं होत नाही.

निळ्याबद्दल माझा स्वतःचा एक सिद्धांत आहे, आणि तो हायवेवर सुचला. दोन उन्हाळे खाल्लेला कुठलाही फ्लेक्स किंवा भिंतीवरचं पोस्टर पाहा. लाल उडून फिका गुलाबी होतो, पिवळा जवळजवळ नाहीसा होतो, आणि उरतो निळा. नेत्यांचे चेहरेसुद्धा निळसर होतात. छपाईच्या निळ्या शाईत तांब्याचं एक संयुग असतं, ते उन्हाला दाद देत नाही. लाल-पिवळ्या शाया तेवढ्या टिकत नाहीत. धुळे-सोलापूरच्या उन्हात वर्षानुवर्षं उभा राहून ज्या बोर्डाचं नाव वाचता येतं त्यावर लोकांचा विश्वास बसणार, यात नवल ते काय. त्या एजन्सीच्या मुलाला हे सांगायचं राहून गेलं.

मग रंगाला किंमत येते कुठून? आपल्याकडे याचं उत्तर ‘बोधचिन्ह’ या शब्दाच्या कितीतरी आधीपासून बाजारात आहे. ते म्हणजे छाप. माकडछाप, घोडाछाप. काडेपेटी, विडी, मंजन, सगळं छापेवर विकलं जायचं, कारण घेणाऱ्याला नाव वाचता येईलच असं नव्हतं. आजी मला वाण्याकडे पाठवायची तेव्हा “कोलगेट आण” असं कधीच म्हणाली नाही. “लाल-पांढरं मंजन आण, काळं नको,” असं म्हणायची. काळं म्हणजे माकडछाप, ते आजोबांचं. मला वाचता येत होतं, पण वाचायची गरज पडायची नाही. डबा दुरूनच ओळखू यायचा.

हेच लाल-पांढरं मंजन २००३ साली दिल्ली उच्च न्यायालयात पोचलं. अँकरने आपली टूथपावडर जवळपास तशाच डब्यात आणली होती. एक तृतीयांश लाल, दोन तृतीयांश पांढरा. नावं पूर्णपणे वेगळी. कोलगेटने दावा लावला, आणि न्यायालयाने अँकरला ती रंगसंगती वापरण्यापासून रोखलं. न्यायमूर्तींनी दिलेलं कारण मला फार आवडतं. घरातल्या निरक्षर नोकराला किंवा खेड्यातल्या माणसाला अमुक आकाराच्या, लाल-पांढऱ्या डब्यातलं मंजन आणायला सांगितलं आणि वाण्याने दुसराच डबा हातात ठेवला, तर त्याला फरक कळणार नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे न्यायालयाने माझ्या आजीचीच साक्ष ग्राह्य धरली म्हणायची. लाल रंगाने दात मजबूत वाटतात की कसं, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. वर्षानुवर्षं तोच डबा त्याच फळीवर दिसला, ही त्या लाल-पांढऱ्याची सगळी मिळकत.

एसटीचंही तेच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली ती निळी होती, वरचा भाग चंदेरी. आज हे सांगितलं तर कोणाला पटत नाही. एसटी म्हणजे लाल, हे आपण इतकं धरून चाललोय की ‘लाल डबा’ हे तिचं नावच पडलं. हिणवायचं असलं तर लाल डबा, माया आली की लालपरी. रंग एकच, फक्त आपण उभे कुठे आहोत त्यावर नाव ठरतं. स्टँडवर दीड तास ताटकळलो की डबा, आणि रात्री अकराला फाट्यावर दिवे दिसले की परी. हिरव्या-पांढऱ्या निमआराम गाडीचं कागदोपत्री नाव ‘हिरकणी’, पण दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांवरून लोकांच्या तोंडी ‘एशियाड’ बसलं ते बसलंच. महामंडळाने कोणा सल्लागाराला पैसे देऊन ‘लाल डबा’ मिळवलेला नाही, आणि देऊनही तो मिळाला नसता.

स्टेट बँकेचा निळा गोलही असाच मुरलेला. १९५५ मध्ये बँक झाली तेव्हा तिच्या चिन्हात वड होता. १९७१ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी निळा गोल आणि त्यात किल्लीचं भोक असं साधं चिन्ह केलं. लोकांनी त्यात नाना अर्थ पाहिले. कोणाला नाणं दिसलं, कोणाला अहमदाबादचं कांकरिया तळं. तळ्याची गोष्ट तर इतकी फिरली की आता ती खरी असो-नसो, चिन्हाला चिकटली आहे. माझ्या दृष्टीने त्या चिन्हाची खरी परीक्षा २०१७ मध्ये झाली. सहयोगी बँका मूळ बँकेत विलीन झाल्या. मराठवाड्यात ज्यांची तीन पिढ्यांची खाती ‘हैदराबाद बँके’त होती, त्यांच्या पासबुकावरचं नाव रातोरात बदललं. पण सहयोगी बँकांच्या दारावर निळा गोल आधीपासूनच होता. नाव गेलं, गोल राहिला, आणि पेन्शनवाले दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत उभे राहिले.

म्हणून कोणी विचारलं की बोधचिन्ह बदलावं का, तर मी आधी विचारते, तुमचा माल बदलला का? पुण्याच्या बजाज ऑटोने २००४ मध्ये जुनं षटकोनी चिन्ह टाकून नवं ‘बी’ घेतलं. काम केलं पुण्याच्याच एलिफंट डिझाइनने. तेव्हा हळहळणारे पुष्कळ होते, मीही त्यांतली. आमच्या वडिलांची चेतक होती, स्टेपनीसकट. पण पल्सर २००१ मध्येच आली होती. घराघरातला स्कूटरवाला बजाज मोटरसायकलवाला होऊन बसला होता, बोर्ड तेवढा बदलायचा राहिला होता. तो बदलला, एवढंच. याउलट गेल्या काही वर्षांत कितीतरी कंपन्यांनी आपली वळणदार, ओळखीची अक्षरं काढून एकाच साच्यातली सपाट अक्षरं घेतली. मोबाइलच्या पडद्यावर स्वच्छ दिसतात म्हणे. दिसतात खरी, पण कोणाची कुठली हे सांगायला खाली नाव वाचावं लागतं. वाचायला लागू नये म्हणून तर छाप होती.

शटरकडे परत येते. पत्रा घासून झाला, रंगाऱ्याने लांबी भरली, आणि विचारलं, “शेठ, कुठला मारू?” दुकानदार विचारात पडला. आता तो सगळ्याच कंपन्यांचं रिचार्ज करतो, आणि तेही लोक घरबसल्या करतात. त्याचा खरा धंदा चार्जर आणि स्क्रीनगार्डचा. कोणतीही कंपनी आता शटरचे पैसे देत नाही. “कुठलाही मार. जो डबा उघडा असेल तो.”

रंगाऱ्याकडे करडा उघडा होता. शटर करडं झालं.

परवा चार घरं सोडून राहणाऱ्या मावशी कुरिअरवाल्याला फोनवर पत्ता सांगत होत्या. “सरळ ये, डावीकडे वळ. ऑरेंजवाल्याचं दुकान लागेल, त्याच्या समोरचा जिना.” पलीकडून तो मुलगा काहीतरी म्हणाला असावा. मावशी वैतागून म्हणाल्या, “अरे, करडं शटर असलं म्हणून काय झालं? ऑरेंजवाला कुठला, असं कोणालाही विचार.”