पहिले आठ तास

नवीन मोबाईल घेतला की दुकानदार अजूनही तोच मंत्र देतो. "साहेब, आधी आठ तास बंद ठेवून चार्ज करा, मग दोन-तीनदा पूर्ण उतरवा." आणि मंडळी इमानेइतबारे करतात. आमच्या ऑफिसातले इंजिनियरसुद्धा! वर उपमा ठरलेली: नवी बाईक नाही का आपण सुरुवातीला हळू चालवत?

बाईकचं ठीक आहे हो, तिथे पिस्टनच्या रिंगा सिलिंडरमध्ये बसायच्या असतात. आठ-दहा तासांचा सल्लाही एकेकाळी बरोबर होता, पण निकेल-कॅडमियमसाठी. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बाजारात आणली. सेल बदलला, मंत्र तोच राहिला.

गंमत म्हणजे लिथियमलाही हे 'रन-इन' लागतंच. फक्त ते कारखान्यात होतं. पहिल्या चार्जिंगला ग्राफाईटवर एक पातळ थर बसतो. त्यात थोडं लिथियम कायमचं खर्ची पडतं, पण पुढे तोच थर बॅटरीला सांभाळतो. हे काम कमी करंटवर, सावकाश, दहा-दहा तास करायचं असा दंडक. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तोही हलवला. पहिलं चार्जिंग जोरदार करंटने वीस मिनिटांत उरकलं, त्यात ९ ऐवजी ३० टक्के लिथियम गमावलं, तरी सेलचं आयुष्य सरासरी ५० टक्के वाढलं! (घरी करून बघू नका. बॅटरी आपल्या हातात येते तोवर ती वेळ गेलेली असते.)

बरं, आठ तासांनी बिघडतं काय? विशेष काही नाही, भरली की सर्किट करंट तोडतं. माझा राग त्यापुढच्या भागावर आहे. 'पूर्ण उतरवा' ही सवयच होऊन बसते, आणि लिथियमला ते मानवत नाही. शिवाय एकदा पथ्य पाळलं की माणूस निर्धास्त होतो. आमच्या सोसायटीतले एक काका नव्या ई-स्कूटरला पहिला आठवडा बाळंतिणीसारखं जपत होते. आता मे महिन्यात भर उन्हातून येतात आणि तापलेली बॅटरी तशीच प्लगला लावतात. स्कूटरमधला सगळ्यात महाग भाग तो!

उष्णता आणि तासन् तास १०० टक्क्यांवर राहणं, बॅटरी झिजते ती या दोन गोष्टींनी. गाडी आधी तासभर सावलीत निवू द्या. फोन चार्जिंगला लावून उशीखाली ठेवू नका. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय सेटिंगमध्येच असते. ती शोधून चालू करा, दोन मिनिटांचं काम आहे.