जडवस्तूंच्या नोंदवहीतील संगणक

सरकारी शाळेच्या दप्तरात ‘जडवस्तू संग्रह नोंदवही’ या नावाची एक जाडजूड वही असते, आणि शाळेच्या घंटेपासून लोखंडी कपाटापर्यंत, बाकांपासून पृथ्वीच्या गोलापर्यंत जी जी म्हणून टिकाऊ वस्तू सरकारी निधीतून अथवा लोकवर्गणीतून शाळेत येते, तिला त्या वहीत अनुक्रमांक, किंमत आणि खरेदीची तारीख यांसह स्थान मिळते. एकदा ते मिळाले की ती वस्तू हरवू नये, मोडू नये, आणि मोडलीच तर रीतसर निर्लेखन होईपर्यंत मोडक्या अवस्थेतही जागची हलू नये, याची जबाबदारी मुख्याध्यापकांच्या शिरावर येते. ही व्यवस्था जुनी आहे, आणि सार्वजनिक पैशाच्या रक्षणासाठी आवश्यकही आहे. परंतु संगणक, टॅब्लेट आणि प्रोजेक्टर याच वहीत दाखल झाले, आणि मुलांच्या हातांनी झिजणे हाच ज्यांचा धर्म, त्या साधनांना कुलूप लागले. नव्या साधनांनी नवी कौशल्ये शिकविण्याच्या आपल्या उद्योगातील मुख्य अडचण, माझ्या मते, त्या कुलपाची आहे.

अलीकडेच एका खेड्यातील शाळेत जाण्याचा योग आला. तेथील गुरुजींनी मोठ्या आस्थेने कपाट उघडून दहा टॅब्लेट दाखविले. त्यांच्यावरचे कारखान्याचे पातळ आवरणही अद्याप निघालेले नव्हते. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, मुलांच्या हातून एखादा फुटला तर खुलासा मला द्यावा लागणार, आणि वसुली निघाली तर ती माझ्या पगारातून.” या गृहस्थांना कामचुकार म्हणणे घोर अन्यायाचे होईल. वर्गातील कोणते मूल वाचताना कोठे अडखळते हे त्यांना तोंडपाठ होते, आणि फळ्यावर त्यांनी खडूने काढलेला महाराष्ट्राचा नकाशा छापील नकाशाच्या तोडीचा होता. त्यांचे हात भीतीने बांधले गेले होते, आणि ती भीती निराधार म्हणता येणार नाही.

अशी भीती असली की साधन मुलांच्या हाती न जाता भिंतीवर जाते. चित्रफीत सुरू होते आणि चाळीस मुले हाताची घडी घालून पाहत बसतात. पाहण्याचे मोल मी कमी लेखीत नाही. १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या बालचित्रवाणीने दूरदर्शनच्या द्वारे खेड्यापाड्यांतील मुलांना जे दाखविले ते मोलाचेच होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले, ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार लाभला, त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देऊन छापील धड्याच्या पलीकडचे जग मुलापुढे उघडले, हेही मोलाचेच. परंतु दर्शनाने जिज्ञासा जागते, आणि कौशल्य मात्र हाताने चुकल्यावाचून येत नाही.

सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये अमेरिकेत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा निर्माण केली, तिचे मर्म याच चुकण्यात आहे. पडद्यावरच्या एका कासवाला आज्ञा द्यायची आणि त्याच्या चालण्याने आकृती उमटवायची, एवढाच तो खेळ. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो हे पाठ करून आलेले मूल कासवाला प्रत्येक कोपऱ्यावर ६० अंश वळावयास सांगते. कासव आज्ञा तंतोतंत पाळते, तीन बाजू संपतात, आकृती उघडीच राहते, आणि तसेच चालू दिले तर षट्कोन तयार होतो. गुरुजी रागावत नाहीत, वहीवर तांबडी फुली पडत नाही, आणि तरीही चूक डोळ्यांसमोर असते. मग ते मूल स्वतः उठून वर्गात तीन बाजू चालून पाहते, कोपऱ्यावर आपण स्वतः किती वळलो याचा विचार करते, आणि १२० अंश वळावे लागते हे त्याच्या ध्यानात येते. हा बाह्यकोन त्याला आता कोणी पाठ करावयास सांगावा लागत नाही.

यासाठी महागड्या यंत्रांची गरज आहे असेही नाही. शाळेच्या अंगणात एक साधा पर्जन्यमापक मांडावा, जूनपासून रोज सकाळी एका मुलाने पाणी मोजावे, आणि दुसऱ्याने तो आकडा संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये भरावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे सूत्र त्या तक्त्यात एकदा मुलांकडूनच लिहवून घेतले की दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद छपरावर ४० मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी २,४०० लिटर पाणी पागोळ्यांवाटे वाहून गेले, हे त्यांना आपोआप दिसते. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथील मुलाने हा आकडा स्वतः काढावा आणि घरी जाऊन वडिलांना सांगावा, यात गणित आहे, भूगोल आहे, आणि माहितीवरून निष्कर्ष काढण्याचे ते आधुनिक कौशल्यही आहे, ज्याचा उल्लेख शासकीय परिपत्रकांतून वारंवार होतो.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला, तो हाताने काम करीत शिकण्याच्या याच तत्त्वावर, आणि २००२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने तेथे जेव्हा फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली, तेव्हा संगणकाला कार्यशाळेतील इतर अवजारांच्या शेजारी जागा मिळाली. मला ही जागा अत्यंत अर्थपूर्ण वाटते, कारण कार्यशाळेत वेल्डिंगचा रॉड जळून संपला तर त्याला कोणी नुकसान म्हणत नाही, आणि शिकणाऱ्याने वाकडा कापलेला पत्रा हाही शिक्षणाच्याच खर्चात धरला जातो.

सार्वजनिक पैशाची अशी नासाडी कशी होऊ द्यावी, हा प्रश्न रास्त आहे. परंतु कपाटात तरी तो पैसा कोठे सुरक्षित राहतो? लिथियमची बॅटरी महिनोन्‌महिने रिकामी पडून राहिली की निकामी होते, आणि यंत्रातील प्रणाली न वापरताच कालबाह्य होते. फरक इतकाच, की या नाशाबद्दल कोणाकडे खुलासा मागितला जात नाही. म्हणून मुलांच्या हाती द्यावयाच्या साधनांची गणना खडूप्रमाणे आणि प्रयोगशाळेतील रसायनांप्रमाणे खर्ची पडणाऱ्या वस्तूंत व्हावी. दुरुस्तीसाठी आणि वीजबिलासाठी दरवर्षी स्वतंत्र तरतूद असावी. फुटलेल्या साधनाच्या निर्लेखनाचा अधिकार गावातीलच पालक ज्या शाळा व्यवस्थापन समितीवर असतात, तिला मिळावा. आणि शिकविताना झालेल्या हानीची वसुली शिक्षकाच्या पगारातून होणार नाही, असा स्पष्ट लेखी हुकूम निघावा. त्यानंतर वार्षिक तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी नोंदवही उघडून किती साधने शाबूत आहेत हे मोजण्याआधी यंदा मुलांच्या हातून किती झिजली हे विचारावे, आणि उत्तर शून्य आले तर खुलासा त्या शून्याचा मागावा.