कर्जाचा आकडा घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा

बाह्यरुग्ण विभागात रुग्णाची माहिती घेताना आम्ही तंबाखू विचारतो, दारू विचारतो, घरात कुणाला साखरेचा आजार आहे का ते विचारतो. गेल्या काही वर्षांपासून मी त्यात एक प्रश्न वाढवला आहे : घरावर कर्ज किती? उत्तर देण्याआधी बहुतेक जण एक गोष्ट करतात. मान वळवून, सोबत आलेलं माणूस ऐकू येईल इतक्या जवळ उभं आहे का ते पाहतात. नवरा बायकोकडे पाहतो, बायको नवऱ्याकडे, म्हातारे वडील मुलाकडे. हा लेख त्या वळलेल्या मानेबद्दल आहे.

घाटीत रुग्ण येतात ते शहरातून, वाळूज-शेंद्र्याच्या वसाहतींतून आणि जालना, बीड, परभणी, बुलडाण्याच्या गावांतून. एक नमुना सांगतो. तो कुण्या एका घराचा नाही, बऱ्याच घरांचा मिळून आहे. नवरा कंपनीत कंत्राटी कामगार. मोटारसायकलचा हप्ता चालू, शिवाय मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून घेतलेली दोन-तीन छोटी कर्जं. बायकोच्या नावावर दोन ग्रुप लोन. त्यातलं एक तिनं नणंदेसाठी स्वतःच्या नावावर उचललेलं. गावाकडे वडिलांच्या सातबाऱ्यावर सोसायटीचं पीककर्ज आणि वर सावकाराचे पन्नास हजार, शेकडा पाचनं. म्हणजे महिन्याला अडीच हजार व्याज, वर्षाला तीस हजार, आणि मुद्दल तिथल्या तिथे. घर एक, कर्जं सात-आठ, आणि एकूण बेरीज कुणालाच माहीत नाही. प्रत्येकाला फक्त आपापला हिस्सा ठाऊक, आणि तो दुसऱ्याला कळू नये यासाठी प्रत्येकाची वेगळी धडपड.

केसपेपरवर मात्र लिहिलेलं असतं : डोकेदुखी, छातीत धडधड, पित्त, झोप नाही. ईसीजी ठीक, थायरॉइड ठीक. रक्तदाब तेवढा वाढलेला. गोळ्यांची पट्टी पाहिली तर महिन्याची पट्टी दोन महिने पुरलेली. फेरतपासणीला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं. तेवढ्यात एक आठवड्याचा हप्ता निघतो. औषध एक दिवसाआड घेतलं तर घरी कुणी ओरडत नाही. हप्ता चुकला तर दारात माणूस येतो.

सततची धास्ती शरीराला महागात पडते. ताणाची संप्रेरकं रोजच चढी राहिली की रक्तदाब आणि साखर दोन्ही आटोक्यात येत नाहीत, झोप तुटते, आणि झोप तुटली की दोन्ही आणखी बिघडतात. कर्ज आणि मानसिक आजार यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. कर्जबाजारी लोकांत मानसिक आजाराचं प्रमाण इतरांच्या मानानं कितीतरी जास्त असल्याचं त्यात दिसलं. आजारामुळे कर्ज की कर्जामुळे आजार, हे अशा आकड्यांवरून सांगता येत नाही. माझ्या टेबलासमोर तरी दोन्ही हातात हात घालूनच येतात.

त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास आला. तेच शेतकरी, तीच बुद्धीची कोडी. एकदा ऊस जाण्याआधी, हात तंग असताना, आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. हात तंग असताना त्यांची कामगिरी स्पष्टपणे खालावली होती. माणूस तोच असतो. त्याच्या डोक्यातली बरीचशी जागा पैशाच्या विवंचनेनं अडवलेली असते. नेमकं त्याच काळात तो सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा देतो, एक कर्ज फेडायला दुसरं घेतो, आणि आपण त्याला बेअक्कल म्हणतो.

आपल्याकडे हा विषय निघाला की दोन म्हणी लगेच तोंडावर येतात : ऋण काढून सण, आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत. लग्नातल्या डीजेवर आणि मांडवावर उडवलेले पैसे मीही पाहतो, आणि त्याबद्दल माझं मत या म्हणींपेक्षा फार वेगळं नाही. पण माझ्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांपैकी किती तरी जणांच्या कर्जाची सुरुवात दवाखान्यातून झालेली असते. सिझेरियन, अपघात, वडिलांचा लकवा, मूतखडा. म्हणून इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. खासगी रुग्णालयात भरती करताना पैशांची जमवाजमव सुरू करण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे रुग्णालय महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आहे का, आणि हा आजार त्यात बसतो का? योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल तर निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के सवलतीत ठेवणं त्याला बंधनकारक आहे. मिळेलच अशी खात्री देता येत नाही, पण न विचारल्यामुळे सोनं गहाण पडलेलं मी पाहिलं आहे.

कर्ज शरीरापर्यंत कसं पोचतं, याचं सर्वात उघडं उदाहरण आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात आहे. ऊसतोडीला जाणारं जोडपं म्हणजे ‘कोयता’. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली उचल त्या दोघांवर मिळून असते. कामावर खाडा झाला की पैसे कापले जातात. जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये गाजला, तेव्हा सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. कारणं बरीच होती. खाड्याची भीती हे त्यातलं एक.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या घरांना कर्जमाफी, पिकाला भाव, कामाचा नीट पगार हवा आहे, हे खरंच. ते काही माझ्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही. पण कर्जात असलेलं घर आतून एकमेकांना कसं धरून ठेवतं, यावर रुग्णाचं पुढचं बरंच अवलंबून असतं. त्याची सुरुवात आकडा बोलून होते. एका रात्री, जेवणं झाल्यावर, वहीच्या एकाच पानावर प्रत्येकानं आपापली कर्जं लिहायची : कुणाचं, किती, व्याज किती, हप्ता कोणत्या तारखेला. नणंदेचं, मित्राला जामीन राहिलेलं, किराणा दुकानदाराच्या वहीतलं, सगळं. त्या रात्री ‘हे कुणामुळे झालं’ हा विषय काढायचा नाही. हे अवघड आहे. बायको एकदम म्हणेल, ‘अहो, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?’ तिचा राग खोटा नसतो. तो दुसऱ्या दिवशीसाठी राखून ठेवावा एवढंच. पहिल्या रात्री भांडण झालं तर पुढचं कर्ज पुन्हा लपतं, हे मी वारंवार पाहतो.

त्याच पानावर सर्वात वर औषधांचा खर्च लिहावा, हप्त्यांच्या वर. रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून वाचवलेले पैसे पक्षाघाताच्या एका भरतीत जातात, आणि कमावतं माणूस अंथरुणाला खिळतं ते वेगळंच.

मग कोणतं कर्ज आधी फेडायचं? हिशेबानं पाहिलं तर सर्वात जास्त व्याजाचं. शेकडा पाच-दहानं घेतलेलं सावकाराचं कर्ज आधी निघालं पाहिजे, यात माझंही दुमत नाही. त्यानंतर मात्र मी छोटी छोटी कर्जं संपवून त्यांची संख्या कमी करा असं सांगतो, आणि त्याला आधार आहे. सिंगापूरमध्ये एका सेवाभावी संस्थेनं गरीब कुटुंबांची जुनी थकबाकी फेडली, तेव्हा संशोधकांनी त्यांची आधी आणि नंतर तपासणी केली. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सारख्याच रकमेची मदत मिळूनही ज्यांची जास्त खाती बंद झाली, त्यांची चिंता जास्त कमी झाली आणि निर्णयही जास्त सुधारले. डोक्याला रकमेइतकाच त्रास तारखांचा होतो. महिन्यात सहा तारखा सांभाळणं आणि दोन सांभाळणं यात फरक आहे.

घराबाहेरच्या आधाराबद्दल बोलायचं तर मराठवाड्यात दोन प्रकारचे गट दिसतात आणि लोक दोन्हींना ‘गट’च म्हणतात. एक बचत गट. दहा-वीस बायका, दर महिन्याची बचत, आपल्याच पैशातून आपसात कर्ज, आणि व्याज परत गटातच. नाबार्डनं 1992 पासून असे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. आज ‘उमेद’ आणि ‘माविम’चे गट गावोगाव आहेत. दुसरा ग्रुप लोनचा गट. तिथेही त्याच दहा बायका, पण पैसा कंपनीचा आणि एकीनं हप्ता चुकवला तर भार बाकीच्यांवर. पहिल्या गटात एखादी आजारी पडली तर ‘पुढच्या महिन्यात दे’ असं बायका मिळून ठरवू शकतात. दुसऱ्यात त्याच शेजारणी हप्ता येईपर्यंत तिच्या उंबऱ्यात बसतात. त्यांचाही इलाज नसतो, नाहीतर पैसे त्यांना भरावे लागतात. शेजारधर्माचं रूपांतर वसुलीत करणारी ही रचना मला आरोग्याच्या दृष्टीनं धोक्याची वाटते. पाण्याला एकत्र जाणाऱ्या बायकांचं बोलणं तुटतं, आणि ज्या बाईला सर्वात जास्त आधार हवा तिलाच तोंड लपवावं लागतं.

सूक्ष्म वित्त कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचे 2022 पासूनचे नियम आहेत. घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत; वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करायचा नाही; धमकी, शिवीगाळ, चारचौघांत अपमान करायचा नाही. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधले नंबर वाचायलाही मनाई आहे. पण हे नियम कंपनीच्या माणसाला बांधतात. उंबऱ्यात बसलेल्या शेजारणीला ते कुठे लागू होतात?

म्हणून बचत गटातल्या ताईंना माझी एक सूचना आहे. महिन्याच्या बैठकीत, वह्या मिटण्याआधी, पंधरा मिनिटं बाहेरच्या कर्जांवर बोला. कुणाचं सावकाराचं वीस हजाराचं कर्ज असेल, तर शेकडा पाचनं तिचे महिन्याला हजार रुपये नुसत्या व्याजात जातात. गटानं शेकडा दोननं तेवढी रक्कम दिली तर व्याज चारशे, तेही दर महिन्याला उतरणारं आणि शेवटी गटाच्याच पेटीत येणारं. सावकार बिनपरवाना असेल, किंवा त्यानं जमीन लिहून घेतली असेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात, तक्रार करता येते. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यानुसार बेकायदा सावकारीतून गेलेली जमीन परत मिळण्याची तरतूद आहे. मात्र तिथे एकट्यानं जाणं जड जातं. आपल्याकडे सावड असते, म्हणजे आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तशी बँकेत, उपनिबंधक कार्यालयात, दवाखान्यात सोबत जाण्याची सावड करायला पैसे लागत नाहीत. नातेवाइकांनीही ‘किती पाहिजेत’ विचारण्याआधी (आणि बरेच जण याच भीतीनं फिरकत नाहीत) एक महिना धान्य पोचवावं, पोराला परीक्षेपुरतं आपल्याकडे ठेवून घ्यावं, वसुलीचा फोन आला तर शेजारी बसावं.

आता अवघड भाग. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीनुसार 2023 या एका वर्षात मराठवाड्यात 1,088 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. अशा प्रत्येक मृत्यूमागे कर्ज हे एकच कारण नसतं. आजारपण, दारू, घरातला कलह, उपचार न झालेलं नैराश्य मिसळलेलं असतं. पण घरातल्या माणसाचं बोलणं कमी झालं, जेवण सुटलं, ‘माझ्यामागे तुमचं भलं होईल’ असं काही तो बोलू लागला, अचानक कागदपत्रं आवरून ठेवू लागला, तर थेट विचारा : ‘जगू नये असं वाटतं का?’ विचारल्यानं तो विचार मनात येतो, हा गैरसमज आहे. उलट, विचारल्यावर किती तरी माणसं पहिल्यांदा रडतात. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरात किंवा गोठ्यात न ठेवता काही दिवस दुसऱ्याकडे, कुलपात ठेवा. मग दवाखान्यात आणा, लपवून नाही, पहिल्या चिठ्ठीवरच कारण सांगून. पूर्वी लोक पोलिसांच्या भीतीनं आणत नसत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगारासारखं न वागवता त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी केली आहे.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानसचा क्रमांक 14416. फोन मोफत आहे, मराठीत बोलता येतं, नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. गावात आशाताईंनाही सांगता येतं. त्या घरी येतात आणि जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाची वाट दाखवतात. दवाखान्यात याल तेव्हा ज्याच्याकडे पाहून मान वळते, त्यालाच सोबत आत घेऊन या. खुर्च्या दोन ठेवलेल्या असतात.